दादू मिस्त्रींचे नाडीचे बूट

मिस्त्री, ते बूट तुम्ही घालायला नको होते.

बघा, आठवण लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला भांडण. काय करू? तीन वर्षं तुमच्याशी मी दुसरं केलंय काय? काल फौंड्रीत शोकसभा झाली. मालक बोलले, बँकेचे साहेब बोलले, शेजारच्या कारखान्यातले दोघं बोलले. कष्टाळू, प्रामाणिक, देवमाणूस. मला सारखं वाटत होतं, हे बोलतायत कुणाबद्दल? रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीतनं डोकं घालून "काय वकिलीणबाई, आज कुणाला फाशी?" असं विचारणारा माणूस देवमाणूस? मला म्हणाले, तू पण बोल दोन शब्द. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. लोकांना वाटलं रडू आलं. रडू नव्हतं, राग होता. कुणावर ते अजून ठरत नाही, म्हणून तर हे असं भराभर लिहितेय. थांबले की पुन्हा नुसती बसून राहीन.

पहिला दिवस आठवतो? टायपिंगची परीक्षा पास झाले आणि राजारामपुरीतनं थेट कारखान्यांच्या उद्यमनगरात. नवी चप्पल, नवी पर्स. मालक म्हणाले, "जा, आत फिरून ये, म्हंजे पत्रात काय लिवतीस ते तुला तरी कळंल." मी आत पाऊल टाकलं आणि तिकडनं तुम्ही ओरडलात, "ओ पावणं, चपला भाईर!" मला वाटलं आत देव असेल. बघते तर भट्टी. तुमच्यासकट बावीस जण, खाकी हाफपँटी, सगळे अनवाणी, त्या काळ्या वाळूवरनं आरामात चाललेत. मी विचारलं, "भाजत नाही का हो?"

"भाजतंय की. म्हनून तर बगून चालतोय."

मग मलाच वाळूवर उभं केलंत. पायाला काय लागतंय सांग म्हणालात. मी म्हटलं गार लागतंय, थोडं चिकटतंय. तुम्ही गर्रकन वळून बोंबललात, "शिवा! आरं ह्या शाळंतल्या पोरीला कळतंय पाणी जास्त झालंय, आन् तुला कळंना व्हय रं?" शिवा म्हणजे तुमच्या हाताखालचा साचे भरणारा पहिला मोल्डर, तो माझ्याकडं असं बघत होता की मीच पाणी ओतलं. साच्याची वाळू ओली राहिली तर लोखंडाचा रस उसळतो आणि माणसाच्या अंगावर येतो, हे मला त्या दिवशी कळलं. ते तुम्ही तळव्यानं ओळखायचा. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगत सुटले होते, आमचे मिस्त्री पायानं वाळू वाचतात म्हणून! आमचे बाबा शाळामास्तर, ते म्हणाले, "आणि तू डोळ्यानं तरी नीट वाच."

हॉलंडची ऑर्डर आली तेव्हा तर मी हवेतच होते. तिकडच्या पंपाच्या कंपनीला आपल्या फौंड्रीतली झाकणं पाहिजे होती. परदेशी पत्रं, परदेशी तिकिटं, आणि सगळं इंग्रजी मी टाइप करायचं. फोटोची कल्पना माझीच, मिस्त्री. खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली, झेंडूचे हार, हळदीकुंकू, सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. मी मालकांच्या मागं लागले, "तिकडच्या लोकांना दाखवू या की! आपण लोखंडाला काय मानतो ते कळू दे की त्यांना!" राजारामपुरीतनं फोटोग्राफर आणला. पूजेनंतरचं पहिलं ओतकाम. पुढं तुम्ही, कपाळाला कुंकू, हातात रसाचं भांडं, मागं सगळी पोरं. मोठा फोटो काढून पाठवला.

उत्तर आलं ते मी उभ्यानंच वाचलं. त्यांनी तो फोटो त्यांच्या कारखान्याच्या फळ्यावर लावला होता, कौतुकानंच. त्यांचे कामगार तो बघायला थांबले आणि तिथनं उठून युनियनच्या ऑफिसात गेले. म्हणाले, उकळत्या लोखंडापाशी अनवाणी उभं करून ज्यांच्याकडनं काम करून घेतात, त्यांचा माल आम्ही जोडणार नाही. कंपनीनं कळवलं, सगळ्यांना बूट द्या आणि प्रत्येक मालाबरोबर तसं लिहून पाठवा, नाहीतर पुढची ऑर्डर नाही.

मालक कपाळावर हात मारून म्हणाले, "आयला, येवढी पूजा केली, येवढे हार घातले, आन् ह्यांनी बघितलं काय, तर पाय!"

मी हसले. पण खरं सांगू? मला लाज वाटली होती. मला ते बरोबर वाटले, आणि अजूनही वाटतात. ज्यांना आपलं गाव नकाशातही सापडणार नाही अशा लोकांनी तुमच्या पायांसाठी काम अडवलं. इथं कोण अडवणार होतं? तुम्हालाही बरं वाटलं होतं. "त्येंच्या मालकाला न्हाय दिसलं, कामगाराला दिसलं. बेस झालं," असं म्हणालात. आणि मग विडी पेटवता पेटवता, "पर मला इचारलं का कुनी? पाय माझं हाईत."

ते वाक्य मी कुठं टाइप केलं नाही.

बाजारातनं बावीस जोड आले. पोलीस घालतात तसले, काळे, घोट्याच्या वर येणारे, नाडीचे. आठ दिवसांत त्यांचं काय झालं ते आठवलं की आत्ताही हसू येतं. शिवाचा मेव्हणा बिद्रीत ते घालून बोहल्यावर चढला. गारगोटीकडच्या दोघांनी उसाला पाणी पाजायला नेले, वर मलाच सांगतात, "बाई, हालंडवाल्यांना आमचं लई उपकार कळवा, सापाची भीती गेली!" आणि भट्टी पेटायच्या दिवशी सगळे पुन्हा अनवाणी. मी मात्र प्रत्येक मालाच्या कागदावर टाइप करत होते, आमचे सर्व कामगार ओतकामाच्या वेळी बूट घालतात. मालक म्हणायचे, "टाइप कर बाई. तिकडनं कोन येतंय पाय मोजायला?"

चहाच्या सुट्टीत मी तुम्हाला धरलं. "मिस्त्री, तुम्ही घालत नाही आणि मी घालतात म्हणून लिहिते."

"मग लिवू नगंस."

"नोकरी आहे माझी!"

"मग लिव."

"अहो, मग ते खोटं होतंय ना!"

"मग रड."

आणि मी खरंच रडायला लागले. तुमची काय तारांबळ! "आगं ए! आरं हिला कुनीतरी च्या द्या रं! आगं म्या आपलं गमतीनं..."

पुढच्या भट्टीला तुम्ही बूट घालून आलात. गांधी टोपी, हाफपँट आणि काळे बूट. सगळी फौंड्री खिदळत होती. शिवा म्हणाला, "मिस्त्री, फौजदार झालासा की! कुनाला धराय आलासा?"

"तुला. मुकाट्यानं साच्याची पेटी उचल."

माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारलंत, "बाई, बाविसातल्या येकानं घातलं तर कागुद कितीसा खरा हुतो?"

"बाविसावा हिस्सा."

"मग तेवढा तरी हू दे."

किती खूश झाले होते मी! मैत्रिणींना सांगितलं, घरी सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा सांगितलं, की मी एका माणसाला बदललं. पुढच्या कागदावर ती ओळ टाइप करताना माझी बोटं अडखळली नाहीत. एक माणूस घालतोय म्हटल्यावर माझं समाधान झालं. बाकीच्या एकवीस जणांचं मी काही केलंच नाही.

आणि मग तुम्ही दुसरी एक ओळ मागितलीत.

दोनतीन भट्ट्या झाल्यावर तुम्ही खिडकीशी आलात, त्या दिवशी फाशीबिशी काही नाही, सरळ कामाचं बोललात. "हालंडला येक वळ लिव. नाडीचा बूट ओतकामाला चालत न्हाय. रस आत गेला तर नाडी सोडीपातूर पाय शिजतोय. अनवाणी मानूस उडी मारून सुटतो तरी. बिननाडीचा, झटकला की निघंल असला कायतर द्या म्हनावं. सगळी घालतील. न्हाय घातलं तर मी घालाय लावतो."

मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "आता कुटं बुटाचा विषय मिटलाय. पुन्हा काढलास तर इचारतील, मग इतके दिवस काय घालत होता? गप बस." मी गप्प बसले.

पण मालकांवर ढकलून मी सुटणार नाही. खरं कारण दुसरंच होतं. मला वाटलं तुम्ही पळवाट काढताय. बुटाची सवय नाही, पाय काचतात, म्हणून काहीतरी काढलंय. ज्यांनी तुम्हाला कधी बघितलं नाही त्यांनी "बूट" म्हटलं, ते मी लगेच मानलं, कारण ते छापील कागदावर होतं. त्यांच्याकडं भट्टीवर कसले बूट घालतात ते त्यांनी लिहिलं नाही, त्यांना वाटलं असणार ते सगळ्यांना माहीतच असतं. आपण बाजारात मिळाले ते आणले. आणि चाळीस वर्षं रसाशेजारी उभा असलेला माणूस माझ्यापुढं उभा राहून सांगत होता, तर मी त्याला अडाणी समजले. तुम्ही आणखी दोनदा विचारलंत, "लिवलीस का गं वळ?" मी म्हटलं, लिहिते की मिस्त्री. त्यानंतर तुम्ही विचारलं नाही.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. आरडाओरडा ऐकून पळत गेले तर तुम्ही जमिनीवर बसून बुटाची नाडी सोडत होता. वाळू ओली राहिली होती. शिवा नंतर मला म्हणाला, "मिस्त्रीनं हातानं बगितली हुती बाई. पायात बूट हुतं न्हवं." रस उसळला. शिवा अनवाणी होता, तो उडी मारून लांब गेला. तुमच्या हाफपँटीखाली बुटाचं तोंड उघडंच होतं, त्यात लिंबाएवढा रस गेला. एवढासा. तुमच्या बोटांना गाठ सुटत नव्हती. शेवटी शिवानं चाकूनं बूट फाडला.

दवाखान्यात आठ दिवस होता तुम्ही. साखर होती तुम्हाला, आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, जखम भरेना, पाय काळा पडत गेला. मी मोसंबी घेऊन आले तर तुम्ही अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालात, "साकर हाय मला आन् तू मोसंब्या आनतीस? कायमचं घालवाय आलीस व्हय?" सगळे हसले. मी काहीतरी सांगायला आले होते मिस्त्री, रस्ताभर वाक्य जुळवत आले होते. आणि बोलले काय, तर एसटी कशी उशिरा आली, शिवा कसा जेवत नाही, ऊन किती वाढलंय. तुम्ही खिडकीकडं बघत ऐकत होता. निघताना एवढंच म्हणालात, "शिवाला सांग, वाळूला नुसता हात लावू नगं. पाय लाव म्हनावं." त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या नवव्या दिवशी हॉलंडचं पत्र आलं. मालकांनी तार केली होती, त्याचं उत्तर. खाली तिकडच्या कामगारांच्या सह्या आहेत, पानभर, एकही नाव मला धड वाचता येत नाही. त्यांना खरंच वाईट वाटलंय, ते कळतं. आणि शेवटी एक प्रश्न. अपघाताच्या वेळी त्या गृहस्थांनी बूट घातले होते का? हो किंवा नाही.

मालक म्हणाले, "लिव, हो." मग माझ्याकडं बघून, "आता तर खोटं न्हाय ना? आता तर खरंच हाय की!"

ते निर्लज्ज नाहीत हो. आठ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते ते, तुम्ही बघितलंत. घाबरलेत. मी मशीनवर कागद चढवला आणि कोराच परत काढला. आधीची ओळ खोटी होती, ती मी डोळे मिटून लिहिली. ही अगदी खरी, आणि ही लिहिली की तिकडच्या लोकांना वाटणार, बूट होते, सगळे घालत होते, तरी बिचाऱ्याचं नशीब. विषय संपला. नाडीचं कुणाला कळणार नाही. एकवीस जणांचं कुणाला कळणार नाही.

दहाव्याला आम्ही सगळे तुमच्या गावी आलो, गारगोटीच्या पुढं. मामी, तुमच्या घरच्या, बायकांत बसल्या होत्या. मला बघितलं आणि मनगट धरून शेजारी बसवलं.

"त्येंनी बूट तुज्या कागदापायी घातलं म्हनत्यात. व्हय?"

"व्हय, मामी."

"मला सांगत हुतं, बाईला येक वळ लिवाय सांगितलीया. लिवलीस?"

"नाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि दुसऱ्या बाईकडं तोंड करून बसल्या. मारलं असतं तरी चाललं असतं मला.

दुसऱ्या दिवशी पान भरून पत्र टाइप केलं. आधीच्या सगळ्या कागदांवरची ती ओळ खोटी होती. एकच माणूस बूट घालत होता, तोच गेला. बूट नाडीचे होते. त्यानं बिननाडीचे मागितले होते. असे बूट मिळाले तर सगळे घालतील असं तो म्हणाला होता. सगळं. जेवणाच्या सुट्टीत ते मोल्डरना मराठीत वाचून दाखवलं, त्यांच्याबद्दलचं पत्र त्यांना न विचारता नको म्हणून. भाकऱ्या तशाच राहिल्या. शिवा म्हणाला, "मिस्त्रीचं खरं हाय. पर ऑर्डर गेली तर तू दुसरीकडं जाऊन टिकटिक करशील. आमी कुटं जायाचं?" दुसरा त्याच्यावर ओरडला, "आन् उद्या तुज्या बुटात गेल्यावर रं?" "मी घालतोय कुटं?" "मग अनवाणीच मर!" भांडण पार भट्टीपर्यंत गेलं. कुणी मला लिही म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

मालकांनी पत्र दोनदा वाचलं. फाडलं नाही. सहीही केली नाही. म्हणाले, "दोन दिवस दे मला." दोन दिवस दिले. काल शोकसभेत ते तुम्हाला प्रामाणिक म्हणाले तेव्हा मी त्यांच्याकडं बघत होते आणि ते छताकडं बघत होते.

आज सोमवार, फौंड्रीला सुट्टी. कार्बन कॉपी माझ्याजवळ होती. तिच्यावर मी माझ्या नावानं सही केली आणि सकाळी पोस्टात गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हालंड? घरचं कोन हाय व्हय तितं?" मी म्हटलं, "न्हाय." त्यानं तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. संपलं, आता परत मागता येणार नाही. तिथनं आल्यापासनं घरात नुसती येरझाऱ्या घालतेय. उद्या सकाळी मालकांना मीच सांगणार, दुसऱ्या कुणाकडनं कळण्याआधी. नोकरी राहील का माहीत नाही. शिवा बोलेल का माहीत नाही. तिकडं ते पत्र वाचून त्यांनी माणसासारखे बूट पाठवले तर पाठवले, नाहीतर खोटं बोललात म्हणून ऑर्डरच बंद करतील. मग सह्या करणाऱ्या त्या सगळ्यांना आपण बरोबर केलं असं वाटेल आणि आपली एकवीस माणसं घरी बसतील. तसं झालं तर ते माझ्यामुळं. तुम्ही असता तर मला शाबासकी दिली असतीत की बोंबलला असतात, "बाई, येकवीस चुली इजवल्यास की गं," हे मला खरंच कळत नाही, आणि तुम्हाला विचारायची सोय मीच ठेवली नाही.

पत्राच्या शेवटी मी लिहिलंय, की या माणसानं मला हे लिहायला तीनदा सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही, चूक माझी आहे. अनोळखी लोकांना, इंग्रजीत, ते टाइप करायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तुमच्या कॉटशी मोसंबी घेऊन उभी होते तेव्हा तेवढंच म्हणायचं होतं.

माझं चुकलं, मिस्त्री.